पहिली अंघोळ वायरमनची

वायरमनच्या थैलीच्या तळाशी तारेचे तुकडे साचत जातात. फेकवत नाहीत, कारण कधीतरी कामाला येतील असं वाटतं. आणि कामाला येत नाहीत, कारण प्रत्येक तुकडा पाहिजे त्यापेक्षा बोटभर आखूडच निघतो. किस्स्यांचंही तसंच. चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतं, "नामदेवराव, ती अंघोळीची गंमत सांगा की!" मग माझी थैली उपडी होते. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू का, यातल्या बहुतेक गमतींत लाज गेलीय ती माझीच, आणि एकीत तर नुसत्या लाजेवर भागलं हे नशीब.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. परभणीत बिजली नवी होती. पीठगिरण्या आणि जिनिंगचे कारखाने तिच्यावर चालायला लागले होते, म्हणून ती दिवसाही असायची, आणि पैसेवाल्या घरांतून "आमच्याकडं कधी येता?" असे निरोप यायचे. स्टेशन रोडला आमचं वायरिंगचं दुकान. माणसं तीन. मालक करीम उस्ताद, हैदराबादेत काम शिकून आलेले, पन्नाशीचे, आवाज कधीही न चढवणारे. दुसरा मारोती, ताडकळसचा, अंगानं दांडगा पण शिडीला भिणारा. तिसरा मी. शिडीला न भिणारा, त्यामुळं चुका उंचावरून करणारा!

उस्तादांचा एक नियम होता. दिवाणखान्यात, ओसरीत, माडीवर कुठंही काम करा, काही नाही. पण न्हाणीघरात वायर ओढली की पहिली अंघोळ तिथं वायरमननं करायची. दिवा लावून, पंखा असला तर पंखा लावून, चांगली दहा तांबे पाणी घेऊन. "दिवाणखाने की बत्ती बिगड़ी तो आदमी अंधेरे में बैठता," उस्ताद म्हणायचे. "हमाम की बिगड़ी तो मरता. गीला बदन, नंगे पाँव, और अंदर अकेला. इस वास्ते जो वायर डालेगा, पहले वोइच नहाएगा."

काम संपवून घर सोडताना ते एकच प्रश्न विचारायचे. "नहा लिया?" आपण "हौ" म्हणायचं. बस. कागद नाही, सही नाही. त्या एका "हौ"वर त्या घरातली बायामाणसं, लेकरंबाळं दुसऱ्या दिवशी बिनघोर आत जायची.

ऐकायला किती सोपं वाटतं!

*

माझी पहिलीच अंघोळ मानवतच्या एका आडत्याच्या घरी झाली. कापसाचा मोठा माणूस, परभणीत नवं घर बांधलेलं. न्हाणीघरात एकच दिवा होता. काम दुपारपर्यंत आटपलं आणि उस्तादांनी माझ्या हातात तांब्या दिला.

बाहेर सगळं घर गोळा झालेलं. आडते, त्यांच्या तीन सुना, मुनीम, गाडीवान, शेजारचे चौघे. कुणी कधी परक्या माणसाची अंघोळ बघायला पाट मांडून बसतं का? पण बसले होते! दार नवं होतं, त्याला कडी बसायची होती. मी एका पायानं दार दाबून धरलं आणि एका पायावर उभा राहून दहा तांबे घेतले.

या कसरतीत खुंटीवरचं धोतर खाली पडून चिंब झालं. तेच पिळून कसंबसं गुंडाळलं आणि बाहेर आलो. आडत्यांची म्हातारी आई पुढं झाली. "थांब रं बाबा. आपल्या घरी न्हालेलं माणूस उपाशी धाडू न्हाई." आणि मला धरून पाटावर बसवलंच! अंगावर ओलं धोतर, ताटात पुरणपोळी, खाली पाण्याचं तळं, आणि मी मान खाली घालून जेवतोय.

तेवढ्यात आडत्यांचे खरेखुरे जावई जिंतूरहून बैलगाडीनं येऊन दारात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वाढणाऱ्या सुनांकडं पाहिलं, आणि म्हातारीला विचारलं, "हे कोण? मला कुणी कळवलं न्हाई ते!"

पुरणपोळी घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मारोतीला मात्र ती गोष्ट फार आवडली. दुसऱ्या दिवशी तो उस्तादांना म्हणाला, "आजपास्नं न्हाण्या माझ्याकडं द्या. ह्यो नुसता दिवे लावू दे!"

*

भिंतीच्या झरोक्यात बसवायचा, धूर आणि वाफ बाहेर फेकणारा पंखा मी पहिल्यांदा पाहिला तो तहसीलदार साहेबांच्या बंगल्यावर. त्यांच्या न्हाणीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता आणि त्याच्या धुरानं साहेबांचा जीव घुसमटायचा. पंखा त्यांनी हैदराबादहून मागवला होता. त्या दिवशी शुक्रवार, उस्ताद नमाजला गेलेले. जाताना म्हणाले, "मैं आता. तब तक झरोका साफ करके रखो."

मी नुसता झरोका साफ करून गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. पंखा बसवला. वायर ओढली. अंघोळही केली. काय गार वारं! माझ्या जन्मात अशी झुळूक अंगावर आली नव्हती. उस्ताद आले तेव्हा मी ओल्या केसांनी पायरीवर बसलो होतो. "नहा लिया?" "हौ! लय ब्येस!" त्यांनी वायरी, बटन, फ्यूज सगळं तपासलं. पंखा तोंड कुठं करून बसलाय हे मात्र बघायचं राहिलं, कारण एवढं साधं कुणी चुकेल असं त्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदार साहेब टांग्यातून दुकानापुढं उतरले. डोळे लाल, दाढी काळी. दाढी पांढरी होती हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

"पंखा किधर मुँह करके लगाया?" उस्तादांनी मला विचारलं.

"साहेबांकडं," मी म्हणालो. "पंखा माणसाला वारं घालायलाच असतोय की!"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "मियाँ, ये पंखा आदमी के वास्ते नहीं, धुएँ के वास्ते है!"

बंबाचा धूर तर आत कोंडलाच होता, शिवाय शेजारच्या बावर्चीखान्याचा सगळा धूर माझ्या पंख्यानं ओढून न्हाणीत आणला होता. आम्ही पंखा फिरवायला बंगल्यावर पोहोचलो तर साहेबांचा खानसामा हात जोडून शिडीला आडवा पडलेला. "उस्ताद, उलटा नक्को करो! बीस बरस में आज पहली बार बिना रोए प्याज काटा!"

साहेब मागंच उभे होते. माझी नजर जमिनीवरून वर येईना. नोकरमाणसाला सुख आणि साहेबाला काजळ, असं वायरिंग करणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

*

देवडीचं कामही असंच. देवडी म्हणजे गावातल्या जहागीरदारांचा वाडा. जनानखान्यातल्या हमामात दिवा बसवायचा होता. मोठ्या बेगमसाहेबांनी पडद्यामागून हुकूम सोडला की वायरमननं डोळ्यांना पट्टी बांधून काम करावं.

कुणीही शहाणा माणूस परत गेला असता. मी म्हणालो, "बांधा!"

मारोती शिडी धरून उभा, त्याच्याही डोळ्यांवर पट्टी. मी चाचपडत लाकडी पट्ट्या ठोकल्या, वायरी ओढल्या. शेवटी बटनापाशी आलो. दोन तारा असतात, एक लाल आणि एक काळी. लाल तारेतून बिजली येते. ती बटनातून न्यायची, म्हणजे बटन बंद केलं की बिजली अलीकडंच थांबते. पण हातात आलेली लाल कोणती? डोळे बांधलेले! मी ओरडलो, "रंग कुणीतरी सांगा हो!" पडद्यामागून बेगमसाहेबांचाच खणखणीत आवाज आला, "दाएँ हात में लाल, बाएँ में काली!"

जोडलं. दिवा झकास लागला. या खेपेला अंघोळ मारोतीनं हट्टानं मागून घेतली आणि पट्टी बांधूनच केली. मग पट्टी सोडायची परवानगी मिळाली, तशी दिव्यावर चुना उडालाय म्हणून तो पुसायला चढला. बटन बंद केलं, दिवा विझला, त्यानं बल्ब काढला, ओलं बोट होल्डरात घातलं आणि धाडकन खाली आला. शिडीला तो उगीच भीत नव्हता.

उस्ताद धावत आले. तपासलं तर बटन काळ्या तारेवर. दिवा विझायचा, पण होल्डरातली बिजली जिवंतच राहायची. "बत्ती बुझी, बिजली नहीं बुझी," ते हळूच म्हणाले. "रंग किसने बोला?"

"बेगमसाहेबांनी."

उस्ताद माझ्याकडं बघतच राहिले. "उनकी दोनों आँखों में मोतिया है! परसों मेरेकू दामाद समझ के दुआ दिए!"

दुकानात या किस्स्यावर आम्ही वर्षभर हसलो. पण मारोती चार दिवस डाव्या हातानं जेवला, आणि मी ती पट्टी बोटभर वर सरकवली असती तर त्याला ते करावं लागलं नसतं. मला घाई झाली होती ती गावात सांगायची, की डोळे बांधून वायरिंग केलं म्हणून.

*

एका शास्त्रीबुवांच्या घरी वेगळाच पेच. घरच्या काकू म्हणाल्या, बटन न्हाणीच्या आत पाहिजे.

उस्ताद म्हणाले, नाही. ओल्या हाताला बटन पोचता कामा नये. ते बाहेरच.

उस्ताद हे परसातून म्हणत होते. त्यांना घरात यायची मुभा नव्हती. खिडकीबाहेर उन्हात उभं राहून ते मला एकेक गोष्ट सांगायचे आणि मी आत करायचो. काकू म्हणाल्या, "बाहेरच्या बटनाला दहा जणांचे हात लागणार. मी सोवळ्यानं बाहेर आले की त्याला कशी शिवू? अन् दिवा तसाच जळत ठेवू का?"

दोन दिवस खल झाला. मग उस्तादांनीच तोड काढली. छताला लावायचं, दोरी ओढली की चालणारं बटन हैदराबादहून मागवलं. बटन उंच छतात, हात पोचायचा प्रश्न नाही. राहिली दोरी. तर उस्तादांनी खिडकीतून विचारलं, "काकू, रेशीम को तो कुछ नहीं होता ना?" काकूंचा चेहरा उजळला. रेशमाला विटाळ नसतो! त्यांनी जुन्या पीतांबराच्या काठाची दोरी वळून दिली. परभणीत सोवळ्यातलं एकमेव बटन ते!

माझी पहिली अंघोळ झाली आणि मी बाहेर पडताच काकूंनी न्हाणी धुवायला काढली. खाली, वर, भिंतींवर बादल्याच्या बादल्या. लाकडी पट्टीतून पाणी गळायला लागलं तरी थांबेनात. उस्ताद खिडकीतून बघत होते. फ्यूज टिकला. उस्ताद म्हणाले, "नामदेव, तेरा नहाना कुछ नहीं. असल इम्तिहान काकू ने लिया!"

सगळे हसले. मला मात्र त्या घरातली एक गोष्ट अजून टोचते. ज्या माणसानं हे सगळं डोकं लढवलं तो बाहेर उन्हात उभा होता आणि मला आत घेतलं होतं, याचा मला चांगलाच अभिमान वाटला होता. मी तिथून छाती काढून चाललो होतो. माझ्या पाठीमागं पाणी कशासाठी ओततात हे मला कळत नव्हतं असं नाही.

*

आता आमच्याच दुकानातलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पक्कड, पेचकस, हातोडी सगळं मांडलं, हळदकुंकू वाहिलं. उस्तादांना या पूजेचं कौतुक होतं. खोबरं वाटायचं काम दरवर्षी त्यांचंच. मारोतीला वाटलं, एवढ्या हत्यारांची पूजा आणि जिच्यावर पोट चालतं तिची नाही? म्हणून त्यानं नारळ फोडला आणि पाण्याची धार मेन बोर्डावर धरली.

मोठा आवाज झाला, निळा जाळ दिसला, आणि अर्ध्या स्टेशन रोडची बिजली गेली.

पॉवर हाऊसचा माणूस सायकलवरून धापा टाकत आला. "कुणाकडं झालं? कुणाकडं झालं?" उस्ताद खोबऱ्याची ताटली घेऊन पुढं झाले. "पहले प्रसाद लो." त्यानं घेतला. "अब जाओ, आगे ढूँढो."

समोरचा हलवाई आम्हाला चांगलं ओळखून होता. तो ओट्यावरून ओरडला, "अहो, लोकाला शिकवणारे हेच की!"

*

आणि आता वकीलसाहेबांकडची.

वकीलसाहेब सुधारकी माणूस. त्यांच्या घरी उस्तादांना पुढच्या दारानं यायला कुणाची हरकत नव्हती. त्यांची लेक, कुसुमताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा होऊन दहा दिवस झाले होते. बाळ-बाळंतिणीची अंघोळ झाली की न्हाणीतच शेगडीवर ओवा, धूप, लसणाची सालपटं टाकून धुरी द्यायची. धुरानं कुसुमताईंना ठसका लागायचा, लेकरू काळंनिळं व्हायचं. म्हणून वकीलसाहेबांनी धूर ओढणारा पंखा आणला आणि सोबत एक दिवाही लावायचा ठरवलं.

काम सरळ होतं. दिव्याला चिनी मातीचा होल्डर, बटन बाहेर, पंखा उंच झरोक्यात पत्र्यावर बसवलेला. आणि उस्तादांनी सगळ्यात जास्त बजावलं ते अर्थिंगचं. पंख्याच्या लोखंडातून एक तार भिंतीबाहेर न्यायची, परसात खोल खड्ड्यात तांब्याच्या पत्र्याला जोडायची, भोवती मीठ आणि कोळसा भरून पाणी घालायचं. पंख्यात कधी बिजली सुटलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेनं जमिनीत जाते. पहिल्या दिवशी उस्तादांनी स्वतः खड्डा भरून घेतला आणि ते मानवतला एका कामावर गेले. "कल दोपहर को आता. तब तक पूरा करके, नहा के रखो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर खड्डा उकरलेला! मीठ नाही, कोळसा नाही. तांब्याचा पत्रा मागच्या ओट्यावर, त्याच्यावर लिंबू. आणि ओट्यावर वकीलसाहेबांच्या विधवा बहीण, आत्याबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"बाळंतिणीच्या घरामागं मीठ अन् कोळसा पुरायलास?" त्या म्हणाल्या. "कुणी धाडलं तुला? करणी करायला दुसरं घर न्हाई मिळालं?"

मी समजावायला गेलो. "आत्याबाई, ही बिजलीची वाट हाय. घरात चुकून बिजली सुटली तर इकडून जमिनीत जाती."

"म्हंजे घरात कायतरी सुटणार हाय, हे तुला आधीच ठाव हाय!"

शेजारच्या बाया जमल्या. वकीलसाहेब कचेरीत. मी वाद सोडून दिला. आत्याबाईंची पाठ वळल्यावर तारेचं उघडं टोक नुसतं मातीत खुपसलं, वर ढेकूळ ठेवलं. फाल्गुनातली आमची काळी माती म्हणजे भेगा पडलेली, कोरडी ठक्क. तिच्यात तार खुपसणं आणि वाऱ्यावर सोडणं सारखंच, हे मला माहीत होतं.

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आदल्या दिवशी पंखा चढवताना पत्र्याच्या कडेवर घासून वायरीचं रबर सोललं होतं. टेप थैलीत होती आणि थैली खाली. शिडी उतरायचा कंटाळा म्हणून मी तिथं धोतराची चिंधी गुंडाळली होती. त्या पत्र्याला टेकूनच कपडे टाकायची लोखंडी सळई भिंतभर गेलेली. पंखा चालू केला आणि सळईला उलटा हात लावून पाहिला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. कोरड्या पायांनी ही गत. ओल्या अंगानं कुणी त्या सळईवर लुगडं टाकायला गेलं असतं तर?

मला सगळं कळलं होतं. वेळही होता. चिंधी काढायची, टेप लावायची, आत्याबाईंच्या पाया पडून खड्डा पुन्हा भरायचा. पण तेवढ्यात वकीलसाहेब दोन पाहुणे घेऊन पंखा दाखवायला आले, मागोमाग स्टेशनावरून उस्ताद आले, आणि सगळ्यांसमोर ती चिंधी काढून दाखवायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, उद्या सकाळी गुपचूप येऊन नीट करू. एका दिवसात काय होतंय?

मी न्हाणीत गेलो. दार लावलं. सळईपासून लांब, कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा राहिलो. चार तांबे फरशीवर ओतले. केस ओले केले. बाहेर आलो.

"नहा लिया?" उस्तादांनी विचारलं.

"हौ," मी म्हणालो.

आवाज बिलकूल हलला नाही. हीच सगळ्यात वाईट गोष्ट.

"झालं का?" कुसुमताई दाराशी आल्या होत्या. कानाला फडकं बांधलेलं, अंगावर शाल, बाळ आत्याबाईंच्या हातात, तेलानं चोळून चकचकीत झालेलं. पाणी तापलेलं होतं. आज नव्या दिव्यात न्हायचं म्हणून त्या हौसेनं आल्या होत्या.

"एक मिनट, बेटी," उस्ताद म्हणाले आणि आत डोकावले. इकडंतिकडं पाहिलं. मग टोपी काढून खुंटीला लावली. "वकीलसाहब, सफर की धूल है बदन पर. इजाजत हो तो मैं भी नहा लेता."

वकीलसाहेब हसले. "घ्या की! तुमचाच नियम!"

दार लागलं. दिवा चालू, पंखा चालू. बटन माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. म्हटलं, ते सळईला हात लावणार नाहीत. जाणता माणूस आहे.

कुसुमताईंनी मला विचारलं, "दादा, पंख्याचा आवाज लय होतोय का? लेकरू दचकंल का वो?"

"न्हाई ताई," मी म्हणालो. "कायबी होत न्हाई."

दुसरा तांब्या. पाहुणे पंख्याची किंमत विचारत होते. आत्याबाई बाळाला म्हणत होत्या, "चल रं राजा, आता आपली पाळी."

तिसरा तांब्या. आणि बाळ शिंकलं. एवढंसं, मांजराच्या पिलाएवढं.

मी धावलो आणि फ्यूजच उपसून काढला. पंखा थांबला, झरोक्यातला उजेड गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आतून उस्तादांचा आवाज आला, नेहमीसारखाच, "बत्ती क्यों गई?"

वकीलसाहेब, पाहुणे, आत्याबाई, कुसुमताई सगळ्यांच्या देखत मी दाराला म्हणालो, "उस्ताद, मी अंघोळ केली न्हाई. मी खोटं बोललो. आत सळईत बिजली हाय."

कुसुमताईंनी बाळ ओढून घेतलं आणि छातीशी धरलं. माझ्याकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती इथं सांगता येत नाही.

आतून उस्ताद म्हणाले, "मालूम है. साबन सूखा है."

कडी निघाली. उस्ताद बाहेर आले. अंगातला सदरा कोरडा, डोकं कोरडं. पावलं तेवढी ओली. खुंटीवरची टोपी त्यांनी डोक्यावर ठेवली, तीन तांबे मी गप्प राहिलो म्हणून मला हाताची तीन बोटं दाखवली, आणि मागच्या दारातून उकरलेल्या खड्ड्याकडं बघत आत्याबाईंना विचारलं, "बाई, फावडा किधर रखते आप लोगाँ?"